कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : गिरणी कामगारांच्या जीविताचे कैवारी

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र असावे, हा प्रघात स्तुत्य होय. परंतु चरित्र केवळ वंदनासाठी वाचावयाचे नसते, त्यातून आपल्या घरात उपयोगी पडेल असे काही हाती लागावे, अशी आमची धारणा आहे. आज आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांची मुले कारखान्यांत यंत्रांवर उभी राहून काम करीत आहेत, तर कित्येकांनी स्वकष्टाने लहानमोठे कारखाने थाटून इतरांस काम दिले आहे. या दोन्ही प्रकारच्या कुटुंबांस एकच प्रश्न भेडसावतो. कामाच्या ठिकाणी मनुष्याच्या जीविताची व आरोग्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न मुंबई इलाख्यात मजुरांच्या बाजूने प्रथम स्पष्ट शब्दांत मांडणारे पुरुष म्हणजे कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. त्यांच्या चरित्राचे हे अल्पसे निरूपण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नारायणरावांचा जन्म सन १८४८ मध्ये ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात असलेले कन्हेरसर. परिस्थिती बेताची असल्यामुळे शालेय शिक्षण आटोपताच त्यांना नोकरी पत्करावी लागली. प्रथम रेल्वेत व पुढे टपाल खात्यात त्यांनी काही काळ काम केले, आणि त्यानंतर मुंबईतील मांडवी येथील एका कापडगिरणीत ते भांडारपाल म्हणून लागले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यास वळण देणारी ठरली. गिरणीचे जग त्यांनी पुस्तकातून किंवा सरकारी अहवालांतून पाहिले नाही. दररोज त्या फाटकातून आत जाऊन आणि बाहेर येऊन पाहिले.

ते जग कसे होते, याची कल्पना आजच्या तरुण पिढीस येणे कठीण आहे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली. पुढील पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि कोकणातून, घाटावरून हजारो शेतकरी व मजूर पोटासाठी मुंबईस आले. विजेचे दिवे त्या काळी गिरण्यांत नव्हते. यास्तव सूर्य उगवला की काम सुरू व सूर्य मावळला की बंद, हाच नियम होता. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. साप्ताहिक सुट्टी अशी नव्हती. सणावारी गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसण्यास व साफ करण्यास कामगारांना बोलावीत. दुपारी जेवणाकरिता यंत्र थांबवण्याचा प्रघात सर्वत्र नव्हता, त्यामुळे मजूर बिचारा फिरत्या यंत्रापाशीच भाकर तोडी. पगार महिना-दीड महिना मागे राही, आणि तोवर सावकाराच्या दारी उभे राहावे लागे. खात्यांत कापसाचे तंतू हवेत तरंगत, दारे-खिडक्या बंद असत, आणि तेच श्वासावाटे छातीत जात. शाफ्टवरून चालणारे चामडी पट्टे व दातेरी चक्रे उघडीच असत. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यांत सापडला, की हातपाय जाण्यास अथवा प्राण जाण्यास क्षणाचाही अवधी लागत नसे.

अशा अपघातानंतर काय होई, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मनुष्य कामावर येणे बंद झाला, म्हणजे त्याचा पगारही बंद झाला. त्याच्या जागी दुसरा उभा राही व यंत्र पुन्हा फिरू लागे. मालकाच्या दोषामुळे मृत्यू झाल्यास वारसांनी दिवाणी दावा लावावा, अशी तरतूद १८५५ च्या एका कायद्यात होती खरी. परंतु अक्षरशत्रू विधवेने वकील कोठून द्यावा, स्टँप कोठून आणावा, आणि मालकाचा दोष कोणत्या साक्षीदाराकरवी सिद्ध करावा ? साक्षीदार तर त्याच मालकाच्या पगारावर जगणारे. कायद्याच्या पुस्तकात हक्क होता. पण गिरणगावच्या चाळीत तो कधी पोहोचत नव्हता.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा संमत झाला. तो होण्यामागे निरनिराळे हेतू होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुंबईतील सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे परोपकारी गृहस्थ मुलांच्या व स्त्रियांच्या दुःखाने कळवळून त्यासाठी झटत होते. दुसरीकडे लँकेशायरच्या गिरणीमालकांसही हा कायदा हवा होता. त्यांना येथील मजुरांची कणव नसून येथील स्वस्त कापडाचे भय होते. यामुळे आपल्याकडील पुष्कळ देशी वृत्तपत्रांनी व पुढाऱ्यांनी या कायद्यास विरोध केला. तो देशी धंद्यावरील घाला होय, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात सत्यांश नव्हता असे नाही. पण पट्ट्यात सापडलेल्या मजुराला, कायदा कोणाच्या हेतूने झाला, याचे काय सोयरसुतक ? नारायणरावांनी हाच विचार केला, आणि धंद्याच्या अभिमानापेक्षा मजुराच्या जीवितास वरचे स्थान दिले. त्यांच्या थोरवीची पहिली खूण आम्हांस येथे दिसते.

तो कायदाही तुटपुंजाच होता. शंभर किंवा अधिक मजूर असलेल्या व यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांकरिता नऊ तासांची मर्यादा घातली, आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण असावे व अपघाताची वर्दी द्यावी, असे फर्माविले. प्रौढ पुरुषांच्या व स्त्रियांच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. तथापि यंत्राला कुंपण घालणे हे मालकाचे कर्तव्य आहे, ही गोष्ट या देशात प्रथमच कायद्याने मान्य केली, हे विसरता कामा नये.

नारायणराव हे महात्मा जोतीराव फुले यांचे अनुयायी व सत्यशोधक समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यास १८७७ मध्ये सुरू केलेले दीनबंधु हे पत्र पुढे अडचणीत आले, तेव्हा ते मुंबईस आणून १८८० पासून नारायणरावांनी चालविले, व मृत्यूपर्यंत त्याचे संपादकपद सांभाळले. श्रीमंतांचा आश्रय नसता सतरा वर्षे पत्र चालविणे म्हणजे केवढे दिव्य, हे ज्यांनी अशा कामात हात घातला आहे त्यांनाच कळेल. शेतकऱ्यांची व मजुरांची गाऱ्हाणी या पत्रातून नियमाने प्रसिद्ध होऊ लागली. ज्याच्या दुःखाची कोणी बातमी करीत नसे, त्याचे दुःख छापले जाऊ लागले.

१८८४ मध्ये कारखान्यांच्या कायद्याचा विचार करण्याकरिता मुंबई सरकारने एक आयोग नेमला. नारायणरावांनी ही संधी साधली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन आयोगाकडे धाडले. सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठविले असतील. पण आपल्या नावाने आपले म्हणणे सरकारपुढे ठेवण्याचा या लोकांचा तो पहिलाच प्रसंग. त्या निवेदनात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर असता मजुरास इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार द्यावा, व तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज करावी.

वाचकांनी या पाचव्या मागणीवर किंचित थांबावे, अशी आमची विनंती आहे. पहिल्या चार मागण्या श्रमाविषयी व दामाविषयी आहेत. पाचवी मात्र जबाबदारीविषयी आहे. अपघात हे मजुराचे दैव नव्हे, तो धंद्याचाच एक भाग होय. यास्तव ज्याप्रमाणे मोडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च धंदा सोसतो, त्याचप्रमाणे मोडलेल्या मनुष्याचा भारही धंद्यानेच सोसला पाहिजे, हे तत्त्व तिच्यात गर्भित आहे. प्रत्यक्ष इंग्लंडात हे तत्त्व मान्य करणारा मजूर-भरपाईचा कायदा १८९७ मध्ये झाला, आणि हिंदुस्थानात तो यावयास १९२३ साल उजाडले. म्हणजे परळच्या सभेतील मागणी कायद्यात उतरण्यास एकूणचाळीस वर्षे लागली.

या चळवळीतूनच बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था उदयास आली. तिचे स्थापनेचे साल कोणी १८८४ धरतात, तर कोणी १८९०. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती; तिला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, घटनाही नव्हती. नारायणराव अध्यक्ष, दीनबंधूची कचेरी हेच कार्यालय, आणि येईल त्या कामगाराचा अर्ज लिहून देणे हाच कारभार. परंतु भारतीय कामगार चळवळीचे जनक अशी जी पदवी त्यांना पुढील पिढ्यांनी दिली, तिचा पाया याच साध्यासुध्या कारभारात आहे.

१८८४ चे निवेदन सरकारदरबारी पडून राहिले, तरी नारायणराव निराश झाले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी कामगारांची प्रचंड सभा बोलाविली. दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणे केली. ज्या काळी घरंदाज म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रीस चारचौघांत तोंड उघडण्याची चोरी होती, त्या काळातील ही गोष्ट आहे. साप्ताहिक सुट्टीची मागणी या सभेने गिरणीमालकांच्या संघाकडे केली, आणि १० जून १८९० रोजी संघाने ती मान्य केली. एक दगड फेकला न जाता, एक दिवस गिरणी बंद न पडता मिळालेला हा विजय होता.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवा कारखाना आयोग नेमला, व मुंबईपुरते सहकारी सदस्य म्हणून नारायणरावांची निवड केली. या आयोगापुढे गिरण्यांत राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या साक्षी झाल्या. आयोगाच्या कामानंतर १८९१ चा सुधारलेला कायदा आला. पन्नास मजूर असलेल्या कारखान्यांना तो लागू झाला. मुलांचे किमान वय नऊ वर्षे ठरले, व त्यांचे काम सात तासांवर आले. स्त्रियांकरिता अकरा तासांची मर्यादा व दीड तासाची विश्रांती आली. दुपारी अर्धा तास काम थांबविणे व आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणे, हे मालकांवर बंधनकारक झाले. परळच्या पाच मागण्यांपैकी दोन अशा रीतीने कायद्यात दाखल झाल्या. रविवारी सकाळी आपली मुलेबाळे घरात एकत्र बसतात, तेव्हा तो दिवस आपणांस आयता मिळालेला नाही, हे त्यांना अवश्य सांगावे.

नारायणरावांची दृष्टी गिरणीपुरती संकुचित नव्हती. विधवांच्या केशवपनाच्या अमानुष रूढीविरुद्ध मुंबईच्या नाभिकांनी १८९० च्या सुमारास जो बहिष्कार पुकारला, त्यास त्यांची प्रेरणा व पाठबळ होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला, तेव्हा कामगार वस्त्यांत सलोखा राखण्याचे काम त्यांनी जिवावर उदार होऊन केले. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले, आणि १८९५ मध्ये रावबहादूर ही पदवी दिली. पदवी मिळाली म्हणून ते चाळींतून उठून बंगल्यात गेले नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सुरू झाला, व हां हां म्हणता मुंबई ओस पडू लागली. ज्यांना गाव होते ते गावी पळाले. नारायणराव मात्र रोग्यांच्या सेवेस राहिले. त्यातच त्यांना त्या दुष्ट रोगाने गाठले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास त्यांची प्राणज्योत मालवली. महात्मा फुले १८९० मध्येच गेले होते; नारायणरावांच्या मागोमाग १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईही पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असताच निवर्तल्या.

त्यांनी लावलेल्या रोपट्याचा पुढे वृक्ष कसा झाला, हेही संक्षेपाने सांगणे उचित होईल. प्रौढ पुरुषांचे गिरणीतील काम १९११ मध्ये बारा तासांवर आले, १९२२ मध्ये आठवड्यास साठ तास, व पुढे अठ्ठेचाळीस तास ठरले. स्वतंत्र भारतात १९४८ चा कारखान्यांचा कायदा झाला. यंत्रास कुंपण, स्वच्छ हवा, उजेड, पिण्याचे पाणी, आगीपासून बचाव, अशा साऱ्या बाबी त्याने नियमबद्ध केल्या. १९८४ मध्ये भोपाळची विषारी वायूची दुर्घटना होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा १९८७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली, व कामगारांचे आरोग्य व सुरक्षितता राखणे हे कारखान्याच्या चालकाचे सर्वसाधारण कर्तव्यच होय, असे स्पष्ट शब्दांत घातले गेले. २०२० मध्ये संसदेने व्यवसायविषयक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीची संहिता संमत केली, व २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात येऊन जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. शासनाने परळ येथील कामगारविषयक अभ्याससंस्थेस नारायणरावांचे नाव दिले आहे, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने, ज्या खात्यात त्यांनी एके काळी चाकरी केली त्याच खात्याने, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

परंतु कायदा झाला म्हणजे कार्य संपले, असे नाही. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका गुणी मुलाची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. एका लहान कारखान्यात तो पत्रा कापण्याच्या प्रेसवर कामास होता. माल लवकर निघावा म्हणून यंत्रावरील संरक्षक जाळी काढून ठेवलेली असे. एके दिवशी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मालकाने दवाखान्याचे पैसे भरले, थोडी रक्कम हाती दिली, व आता काही मागणे उरले नाही, अशा मजकुराच्या कागदावर त्याची सही घेतली. घरच्यांनी ते दैवाधीन मानून सोडून दिले. वस्तुतः भरपाईचा हक्क सोडून देण्याचा असा करार १९२३ च्या कायद्याने निरर्थक ठरविला होता. पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावयाचा होता, आणि ही गोष्ट त्या कुटुंबास कळली, तेव्हा ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. अज्ञानाने जे नुकसान केले, ते यंत्राने केलेल्या नुकसानाहून कमी नव्हते.

म्हणून आम्ही दोन्ही बाजूंच्या सभासद कुटुंबांस काही सांगू इच्छितो. ज्यांचे कारखाने आहेत त्यांनी हे ध्यानात धरावे की, धोक्यापासून मुक्त अशी कामाची जागा देणे, काम शिकवून मगच यंत्रावर उभे करणे, संरक्षणाची साधने स्वखर्चाने पुरविणे, व अपघात झाल्यास त्याची वर्दी देणे, ही मालकाची कायदेशीर कर्तव्ये आहेत. कामगाराने सावध राहावयास हवे होते, एवढे म्हणून ती टळत नाहीत. दहा किंवा अधिक कामगार असले, की ही संहिता सामान्यतः आपल्या दारी येते. आणि त्याहून कमी असले तरी काय ? आपल्या छपराखाली काम करणाऱ्या परक्याच्या मुलाचा हात आपल्या मुलाच्या हाताइतकाच मोलाचा नव्हे काय ? धंदा लहान आहे, खर्च परवडत नाही, ही सबब १८८१ मध्येही दिली जात होती. ती तेव्हा टिकली नाही, आजही टिकू नये.

जे नोकरी करतात त्यांच्यावरही कायद्याने कर्तव्य ठेवले आहे. संरक्षक जाळी काढू नये, चालत्या यंत्रात हात घालू नये, दिलेला टोप किंवा चष्मा खुंटीस टांगून ठेवू नये, व धोका दिसताच वरिष्ठांस कळवावे. धोक्याविषयी विचारण्याचा व माहिती मिळविण्याचा त्यांना हक्क आहे. कामगार राज्य विमा योजनेत आपले नाव आहे किंवा नाही, हे प्रत्येकाने नोकरीच्या आरंभीच विचारून घ्यावे. नसल्यास अपघाताची भरपाई मालकाने द्यावयाची असते. अपघात घडलाच, तर न वाचलेल्या कागदावर सही करू नये, दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत, आणि मुदतीच्या आत अर्ज करावा. घरात एक जरी शिकलेले मूल असेल, तर त्याच्याकडून हे सारे वाचून घ्यावे. साक्षरतेचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

नारायणराव आपल्या ज्ञातीत जन्मले, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यांनी परळच्या मैदानात हाक दिली, ती एका ज्ञातीस नव्हती. कोकणातला, घाटावरचा, हिंदू, मुसलमान, सवर्ण, अस्पृश्य मानला गेलेला, जो जो यंत्रापुढे उभा होता त्या सर्वांना ती होती. त्यांचे पुतळे व तसबिरी पुष्कळ होतील. आपल्या कारखान्यातील प्रत्येक पट्ट्यावर जाळी असावी, व आपल्या घरातून कामास गेलेला प्रत्येक मनुष्य संध्याकाळी धडधाकट परत यावा, हेच त्यांचे खरे स्मारक होय. ते उभारण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य सर्व सभासद कुटुंबांस लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही हे अल्प चरित्र येथे पुरे करतो.